घोडनदी ते दौंड, हैदराबादमार्गे

घोडनदीहून दौंडला जायला एक एसटी पुरते. सकाळची गाडी धरली तर दौंडात चहा पिऊन, काम उरकून संध्याकाळच्या भाकरीला माणूस घरी. मी मात्र एकदा घोडनदीहून पुण्याला, पुण्याहून विमानानं हैदराबादला आणि हैदराबादहून रेल्वेनं दौंडला गेले. नकाशावर बोट फिरवून बघा, म्हणजे त्या वयात माझं डोकं कसं चालायचं ते कळेल. नातवंडं विचारतात, आजी, तू रस्ता चुकली होतीस का? रस्ता बरोबर होता. त्यावर चालणारी मुलगी जरा अर्धवट होती.

त्या विमानात आता कुणाला बसता येणार नाही आणि त्या मुलीलाही आता कुणी भेटू शकणार नाही. म्हणून दोघींबद्दल लिहून ठेवते आहे.

घोडनदी

बाहेरचे लोक शिरूर म्हणतात, आम्ही घोडनदी म्हणतो. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मार्केट यार्डाच्या मागं आमच्या दोन खोल्या. आई आणि मी. वडील आम्ही लहान असतानाच गेलेले, केंदूरची थोडकी जमीन वाट्यानं दिलेली. मोठा भाऊ मधुकर, माझा दादा, पुण्याला लोहगावच्या विमानतळावर मेकॅनिक. मी नुकतीच डी.एड. झाले होते. नोकरी नव्हती, पण तोंड होतं. भूगोलात पहिली आले होते आणि ते समोरच्याला पहिल्या पाच वाक्यांत कळेल अशी व्यवस्था करत होते.

दादा ज्या विमानांची देखभाल करायचा त्यांचं नाव विलायती होतं, पुढं आकडे लावलेलं. आईला ते म्हणता येईना. पण ती विमानं कानपूरच्या कारखान्यात जोडलेली होती आणि दादाही तिथंच काम शिकून आला होता. सुनेला जसं माहेरच्या गावावरून हाक मारतात, तशी आईनं त्या विमानाला हाक मारायला सुरुवात केली. कानपूरवाली. 'आज कानपूरवाली येळंवर आली का रं?' असं ती दादाला विचारायची आणि शेजारच्या बायकांना बरेच दिवस वाटत होतं की मधूनं परस्पर लग्न उरकलंय.

कानपूरवालीची कुळकथा दादा रंगवून सांगायचा. तिचा आराखडा इंग्लंडात काढला. मोठ्या लढाईतली जुनी डकोटा विमानं म्हातारी झाली होती, त्यांच्या जागी एखादं नवं, काटक विमान हवं होतं. आखूड धावपट्टी, खडीमातीचं मैदान, दुरुस्तीला जवळ कुणी नाही, अशा ठिकाणी उतरणारं. आपल्या सरकारनं ते इथं बनवायचा परवाना घेतला. सुरुवातीला सुटे भाग खोक्यांतून आले, कानपूरला ते जोडले, मग हळूहळू एकेक भाग इथंच घडू लागला. आधी ती हवाई दलाकडे गेली आणि नंतर उतारूंच्या सेवेत आली. दादा कारखान्यात शिरला तोवर पहिलं विमान उडून बरीच वर्षं झाली होती, तरी तिथले जुने लोक त्या दिवसाबद्दल असं बोलायचे की जणू घरातलं बारसं.

'आत जेट, बाहेर पंखा,' दादा म्हणायचा. म्हणजे इंजिन जेटसारखंच, पण त्याची ताकद समोरचा मोठा पंखा फिरवायला वापरायची. तेल कमी खाते, आखूड जागेतून उठते. हे तो जेवताना सांगायचा आणि भाकरीचा पंखा करून फिरवायचा. आई म्हणायची, 'अन्नाला गरगरवू नको.'

असा गुणी मुलगा, पण लग्न जमेना. विमानात काम करतो म्हटलं की मुलीकडचे गप्प व्हायचे. एका बाईनं आईला विचारलं होतं, 'रातीला खाली येतो का वरच झोपतो?' दुसऱ्या एका घरानं निरोप धाडला की मुलगा चांगला आहे, पण हवेतला आहे. दादा आयुष्यात जमिनीवरून उठला नव्हता. तो जमिनीवर उभा राहून विमानं दुरुस्त करायचा. पण हे ऐकतो कोण.

मग दौंडचं स्थळ आलं.

दौंड

मुलगी शालन. केडगावच्या शाळेत शिकवायची, रोज शटल गाडीनं जायची-यायची. तिचे वडील आप्पा, रेल्वेत कोळशाच्या इंजिनाचे ड्रायव्हर. रेल्वेच्या चाळीत त्यांचं क्वार्टर, लोको शेडच्या इतकं जवळ की दोरीवरचं धुणं वाळता वाळता पुन्हा मळायचं. आम्ही तिघं एसटीनं गेलो. आईनं नवं लुगडं नेसलं होतं, ते दौंडात पोचल्यावर तासाभरात राखाडी झालं.

त्या घरातली एक गोष्ट मला फार आवडली. बाहेर इंजिनाची शिट्टी झाली किंवा गाडी धडधडत गेली की घरातलं प्रत्येक माणूस बोलता बोलता थांबायचं. अर्ध्या शब्दावर. हातातली कपबशी हातात. गाडी गेली की उरलेला अर्धा शब्द पुढं सुरू. आम्ही घोडनदीकर मात्र शिट्टीवर ओरडत बोलत राहिलो आणि आमच्या मोठेपणाच्या निम्म्या गोष्टी दौंडच्या हवेत विरून गेल्या.

शालननं चहा आणि गरम भजी आणली. दादानं भजं तोंडात टाकलं, जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं ते बाहेर काढलं नाही. शालनला ते दिसलं. ती आत गेली आणि काही न बोलता पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवून गेली. त्यानंतर दादाचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. जमलं असं मला वाटलं.

आप्पांनी पान जमवलं, चुना लावला आणि म्हणाले, 'हे बघा बाई, धम्म घेतल्यापासून आपल्यात पत्रिका बघत न्हाईत. मी बी बघत न्हाई. पर काहीतरी बघितलंच पाह्यजे.'

आई म्हणाली, 'बघा की. नोकरी पक्की हाय.'

'नोकरी न्हवं. काम बघायचंय.' ते दादाकडे वळले. 'आमच्या शेडमधी एक रीत हाय. इंजिन दुरुस्त करून भायेर काढलं, की पहिल्या फेरीला दुरुस्त करणारा फिटर माझ्या संगं इंजिनावर हुभा राहतो. पार पुढच्या ठेसनापर्यंत. त्यानं कळतं, का त्यानं नट आवळलाय का नुसता पाना फिरवलाय. तुमच्यात हाय का असं?'

बाहेर शिट्टी झाली. सगळे थांबलो. दादाला विचार करायला तेवढा वेळ मिळाला, पण उपयोग झाला नाही.

'आमच्यात तसं नसतं, आप्पा,' दादा म्हणाला. 'एक विमान गेलं की दुसरं येतं. मी गेलो तर ते कोण बघणार?'

'बरं, तुम्ही न्हाई. घरचं कुणी बसलंय का तुम्ही हात लावल्याल्या विमानात?'

कुणीच बसलं नव्हतं. दादाला घरच्यांसाठी पास मिळायचा, आईला आणि लग्न न झालेल्या बहिणीला. पण आईचं म्हणणं ठरलेलं होतं. मला एकदाच वर जायचंय, दोनदा नको.

'मग दुसऱ्याची माणसं तेवढी वर धाडायची व्हय?' आप्पा म्हणाले. रागानं नाही, अगदी साधेपणानं. 'माझी पोरगी तुमच्या घरात द्यायची तर मला ठावं पाह्यजे, का तुम्ही नीट बघता.'

आता इथं शहाण्या मुलीनं गप्प बसायचं असतं. दादानं माझ्याकडं पाहून बारीकशी मान हलवलीसुद्धा. मी म्हणाले, 'मी बसते की. त्यात काय एवढं? आमच्या भूगोलात सगळं शिकवलंय.'

भूगोलात विमान नव्हतं. पण आप्पांनी मान डोलावली. 'मी यीन बघायला. लोहगावच्या कठड्याशी हुभा राहीन. लेक आत जाताना डोळ्यानं बघितली, की पुढचं बोलू.'

दारातून निघताना शालननं माझ्याकडं पाहिलं. ते कौतुक आहे असं मी समजले. आता वाटतं, काळजी असावी.

परतीच्या एसटीत दादा खिडकीतून मागं बघत होता. घोडनदीचा पूल आल्यावर एवढंच म्हणाला, 'पाणी तिनं न मागता आणलं.' त्यावरून आईला आणि मला समजलं की आता ही सोयरीक मोडली तर ह्याचं कठीण आहे.

लोहगाव, दुपारी

पासाची अट अशी की विमानात जागा उरली तरच बसायचं. हैदराबादच्या दुपारच्या विमानात जागा उरली. तिथं दादाचा एक मित्र होता, त्याच्या घरी मुक्काम करून मी रेल्वेनं परत यायचं असं ठरलं. मित्राकडं रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून आईनं पत्र्याचा मोठा डबा भरून शेंगदाण्याचे लाडू दिले होते. डबा मी मांडीवर घेतला. विमानतळावरचा माणूस म्हणाला, सामानात ठेवायला द्या. मी म्हणाले, फुटतील. पत्र्याच्या डब्यातले लाडू फुटतील, असं मी एका सरकारी माणसाला सांगितलं आणि त्यानं ते ऐकलं. सत्तरच्या दशकात माणसं भली होती.

उन्हाळ्याचे दिवस. मैदान तव्यासारखं तापलेलं. मी कानपूरवालीला पहिल्यांदा जवळून पाहिलं. अंगानं भरलेली, बुटक्या पायांची, पंख खाली आणि त्यांच्यावर दोन इंजिनं बसवलेली. खांद्यांवर दोन घागरी घेतल्यासारखी. मागच्या बाजूला दार, त्याला शिडी. शिडी चढताना मी वळून पाहिलं. दूर कठड्याशी आप्पा उभे होते, पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. ते इंजिनाकडं बघत होते.

आत चाळीसेक माणसं आणि सगळी घामाघूम. माझ्या शेजारी टाय लावलेले एक गृहस्थ होते, त्यांना मी भूगोलाचं सांगितलं. खिडकीतून दादा दिसत होता. उजव्या इंजिनाचं झाकण उघडून तो आत बघत होता. मग त्यानं खाली उतरून वैमानिकाला काहीतरी सांगितलं, पुन्हा वर चढला, पुन्हा बघितलं, पुन्हा मान हलवली. बराच वेळ गेला. शेवटी हवाईसुंदरीनं सांगितलं की उकाड्यामुळं विमानातलं वजन थोडं कमी करावं लागणार आहे.

वजन म्हटल्यावर माझी नजर खाली गेली. मांडीवर डबा. मला वाटलं, माझ्या लाडवांमुळं अडलंय. आता हे विमान उडालं नाही तर दादाचं लग्न गेलं, आणि तेही शेंगदाण्यांपायी. काय करावं? डबा उघडला आणि वाटायला सुरुवात केली. टायवाल्यांना दोन. मागच्या बाईंना दोन. पलीकडच्या रांगेत एक कुटुंब होतं, त्यांना ओंजळभर. 'घ्या हो, घरचे आहेत, घ्या.' लोकांना कौतुक वाटलं. डबा हलका होत चालला आणि माझा जीवही.

तेवढ्यात दादा शिडी चढून आत आला. हाताला तेल, कपाळावर आठ्या.

'सुमे, उतर.'

'मी?'

'पासवाले आधी उतरतात.'

'अरे, पण मी वजन कमी केलंय,' मी डबा तिरका करून दाखवला. 'अर्धा डबा वाटला.'

'वाटलास तो गेला कुठं?' दादा म्हणाला. 'ह्या सगळ्यांच्या पोटात ना? ती पोटं इथंच बसलीत.'

टायवाले गृहस्थ तोंडात लाडू धरून हसले, त्यांना ठसका लागला. मी खालच्या आवाजात म्हणाले, 'दादा, आप्पा कठड्याशी उभे आहेत.'

'माहीत आहे.'

'मी उतरले तर काय होईल कळतंय का तुला?'

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, पोळणारं भजं तोंडात असताना होता तसा. 'कळतंय. उतर.'

मी उतरले. माझ्यामागून आणखी एक पासवाले आजोबा उतरले आणि सामानाच्या दारातून काही गोणी काढल्या गेल्या. दादा मला कठड्यापर्यंत सोडायला आला. आप्पा तिथंच होते, हलले नव्हते.

'काय झालं?' त्यांनी विचारलं.

'उजव्या इंजिनाला पाणी नीट जात नाही, आप्पा.'

'पाणी?' आप्पांच्या भुवया वर गेल्या. 'हिला बी पाणी लागतं?'

'उन्हात हवा विरळ होते, इंजिनाचा जोर कमी पडतो. म्हणून उठताना स्पिरिट मिसळलेलं पाणी आत सोडतात, मग जोर भरून येतो. आज एका बाजूचं जात नव्हतं. बिनपाण्याची उठवता येते, पण मग भार कमी करावा लागतो.'

'बघितलं कुणी?'

'मी.'

'सायबाला सांगितलं कुणी?'

'मीच.'

आप्पांनी 'हं' केलं. डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला आणि बसच्या थांब्याकडं चालायला लागले. निरोप नाही, काही नाही. आम्ही त्यांच्या पाठीकडं बघत राहिलो. मागं कानपूरवालीची इंजिनं सुरू झाली. तो आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना काय सांगू? पिठाच्या गिरणीचा पट्टा आणि रेल्वेची लांब शिट्टी एकदम. ती धावली, धावपट्टी संपत आली तरी धावतच होती, आणि मग उठली. दादा ती ठिपका होईपर्यंत बघत होता. त्याच्या आयुष्याचं वाटोळं होत होतं आणि तो उजव्या इंजिनाचा आवाज ऐकत होता.

काम सुटल्यावर त्यानं मला सायकलवर डबलसीट बसवून आपल्या येरवड्याच्या खोलीवर नेलं. वाटेत उसाचा रस पाजला. रस संपल्यावर तो म्हणाला, 'संपलं बहुतेक.'

'काही संपलं नाही,' मी म्हणाले. 'उद्या बसते. वर जाऊन, हैदराबाद बघून, थेट दौंडला उतरते आणि आप्पांच्या पुढ्यात उभी राहते.'

खरं सांगायचं तर मघाशी शिडी उतरताना, सुटले एकदाची, म्हणून मला आनंदच झाला होता. पण दादाचं तोंड पाहून हे कसं सांगायचं.

वर

सकाळची हवा गार असते, भार कमी करावा लागत नाही. जागा मिळाली. ह्या वेळी कठड्याशी कुणी नव्हतं. दादानं विमानाभोवती फिरून एकेक जागा हातानं चाचपली आणि मग माझ्या खिडकीकडं बघून अंगठा दाखवला.

हवाईसुंदरी गोळ्यांचं तबक घेऊन आली, सोबत कानात घालायला कापूस. मी गोळ्या ओंजळभर घेतल्या आणि कापूस तोंडाजवळ नेला, तेव्हा तिनं माझा हात धरला. मग पंखा फिरायला लागला. मी त्याच्याकडं टक लावून बसले होते, कारण दादानं दुरुस्त केलेला पंखा नीट फिरतोय की नाही हे आप्पांना सांगायचं होतं. तो फिरला, जोरात फिरला आणि बघता बघता नाहीसा झाला. मी हवाईसुंदरीला हाक मारली.

'बाई, पंखा गेला.'

'कुठं गेला?'

'आत्ता होता. पडला बहुतेक.'

तिनं वाकून बाहेर पाहिलं. 'ताई, फिरतोय म्हणून दिसत नाही. दिसायला लागला तर मला सांगा.'

भूगोलात पहिली.

विमान उठलं तेव्हा मी डोळे मिटले होते. मनात त्रिशरण म्हणत होते, ते तिसऱ्यांदा संपलं तरी आपण जिवंत आहोत म्हणून एक डोळा उघडला. आणि मग दुसराही. खाली इतकी शांत, इतकी ओळखीची जमीन होती. विहिरींचे गोल, बांधांच्या रेघा, उसाचे हिरवे तुकडे, बाकी सगळं उन्हाळ्याचं तांबूस. एवढ्या जमिनीवर आम्ही भांडतो, चालून पाय दुखवतो, आणि वरून बघावं तर कुणीतरी वाळत घातलेली गोधडी. शेजारच्या बाईंना मी घोड नदी दाखवली. ती भीमा निघाली, कारण लगेच पुढं रुळांचा गुंता आला, विंचरलेल्या केसांच्या बटांसारखा, आणि त्यावर धूर. दौंड. त्या धुरात कुठंतरी आप्पा होते. कुठंतरी शालन शटलच्या डब्यात बसली असेल. मी कपाळ काचेला लावलं. आदल्या दिवशीची भीती कुठं गेली कुणास ठाऊक. मला वाटलं, ही आई म्हणते तशी आपलीच आहे, घरची, दादाच्या हातची. इंजिन एका सुरात गात होतं आणि मला झोप लागली. विमानात झोपलेली घोडनदीची पहिली मुलगी, असं मी पुढं कितीतरी वर्षं सांगत असे.

हैदराबाद

दादाचा मित्र विमानतळावर घ्यायला आला होता. त्याची बायको फार लाघवी. तिनं माझा अर्धा रिकामा डबा घेतला, उघडला आणि काही न विचारता झाकण लावलं. जेवायला भात, आणि भातावर एक हिरवी आंबट चटणी. मोठ्या अभिमानानं म्हणाली, हे आमच्याकडंच मिळतं. खाल्ली तर आमची अंबाडी. आमच्याकडं अंबाडीची भाजी गुळाच्या खड्यानं मऊ करतात, त्यांच्याकडं तिला तिखटानं आणखी पेटवतात. मी पाणी मागितलं, तर म्हणाली, 'पानी नक्को, भात खाओ.' नक्को ऐकून मला घरच्यासारखं वाटलं. रडू आलं ते तिखटानं.

मित्र म्हणाला, पेपरवाले कानपूरवालीला नावं ठेवायला लागलेत. उन्हात भार नेत नाही, परदेशी विमानं बरी. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, 'उन्हात आपण तरी किती ओझं नेतो?' पुढं तसंच झालं. मोठ्या मार्गांवर जेट आली, कानपूरवाली लहान गावांच्या वाट्याला गेली, मग तिथूनही एकेक करून निघाली. हवाई दलाकडं मात्र ती अगदी अलीकडपर्यंत उडत होती. दादा निवृत्त झाला तरी आकाशात तो आवाज आला की ताटावरून उठून अंगणात जायचा. जेटच्या आवाजाला कधी उठला नाही.

परत दौंड

मुक्काम न करता त्याच रात्रीची गाडी धरली आणि सकाळी दौंडला उतरले. चेहऱ्यावर कोळसा, केसांत कोळसा, एका चपलेचा अंगठा तुटलेला. तशीच फरपटत चाळीत गेले. मनात भाषण तयार होतं. आप्पा, पंखा फिरला. आप्पा, मी झोपले, इतकं ते विमान स्थिर होतं. आता तरी दादाबद्दल विचार करा.

अंगणात बाजेला शेवयांचं यंत्र आवळलेलं. तीन-चार बायका, परातीत पिठाचे गोळे, काठीवर शेवया वाळत घातलेल्या. शालन यंत्राचा दांडा फिरवत होती. आप्पा कडेला खुर्चीवर चहा पीत होते.

'आप्पा, मी बसले,' मी म्हणाले आणि तिकिटाचा तुकडा पुढं केला.

त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. 'कशात?'

'विमानात. काल. हैदराबादला जाऊन आले.'

'कशापाई?'

'तुम्हीच म्हणाला होतात.'

'म्हणालो हुतो,' आप्पा म्हणाले. 'पर ते लोहगावलाच मिटलं की. ह्या शेवया कशाच्या चालल्यात मग? लग्नाच्याच हायेत.'

मी तिथंच बाजेच्या कडेवर बसले. बायका हसायला लागल्या. मला रडावं की हसावं कळेना. 'मग त्या दिवशी एक शब्द न बोलता का निघून गेलात?'

'ड्युटी हुती. गाडी चुकवू व्हय?' त्यांनी कप खाली ठेवला. 'आगं पोरी, फिटरला मी इंजिनावर का हुभा करतो? भ्या वाटावं म्हणून. आपला जीव वर हाय म्हटल्यावर माणूस नट दोनदा बघतो. तुझ्या भावानं खाली हुभा राहून दोनदा बघितलं. समोर मी हुभा, आत सख्खी बहीण, लग्न त्याच्यावर टांगलेलं. तरी त्यानं सांगितलं, पाणी जात न्हाई, भार उतरवा. इंजिनाला पाणी कमी असल्यावर आम्ही बी गाडीचे डबे तोडून भार कमी करतो. ज्याला न बसता एवढं भ्या वाटतं, त्याला आणि बसवून काय करायचंय?'

बाहेर शिट्टी झाली. सगळे थांबले. ह्या वेळी मीही थांबले.

गाडी गेल्यावर शालन दांडा फिरवत हळूच म्हणाली, 'आप्पांचं झालं. माझं एक इचारायचं राह्यलंय.'

'विचार.'

'तुम्हाला उतरवलं, ते ठीक. उतरवल्यावर घरी कुणी नेलं?'

'दादानंच. सायकलवर डबलसीट. वाटेत रस पाजला.'

'बोलले काय?'

'काहीच नाही. रस संपल्यावर म्हणाला, संपलं बहुतेक.'

तिचा हात थांबला. गालावर पीठ लागलं होतं, ते तिनं खांद्यानं पुसलं. बाकीच्या बायका मुद्दाम दुसरीकडं बघत होत्या.

'मग झालं,' शालन म्हणाली. तिनं सरकून बाजेवर जागा केली आणि यंत्राचा दांडा माझ्या हातात दिला. 'धरा, वन्सं. फिरवा.'